समुद्री बडीशेपेचा अर्क, माझा गाल आणि पाठीवरच्या चिकटपट्ट्या

रेटिनॉलपासून, म्हणजे सुरकुत्या आणि डागांसाठी लावतात त्या अ जीवनसत्त्वाच्या प्रकारापासून, सुरुवात करावी लागेल कारण ते सोडलं नसतं तर या समुद्राकाठच्या झाडाकडे मी वळलेच नसते. वय ४१, डोळ्यांच्या कडेला बारीक रेषा, गालावर दोन जुने डाग, आणि सगळीकडे एकच ऐकू येत होतं की रेटिनॉल लाव. लावलं. ०.५ टक्के, आठवड्यातून तीन रात्री, मग त्रास झाला म्हणून दोन रात्री, मग मॉइश्चरायझरमध्ये मिसळून. चार महिने नेटाने केलं पण ओठांच्या कोपऱ्यात सालपटं निघायची थांबली नाहीत आणि शेवटी शेवटी तर साधं पाणी मारलं तरी गालाची आग व्हायची. बंद केलं. दीड महिना फक्त सौम्य फेसवॉश, साधं क्रीम आणि सनस्क्रीन, बाकी काहीच नाही, तेव्हा कुठे त्वचा ताळ्यावर आली.

मग पर्याय शोधायला लागले. रेटिनॉलला वनस्पतींमधला पर्याय म्हणून दोन नावं सतत समोर येत होती, एक बाकुचिऑल, म्हणजे आपल्या बावचीच्या बियांमधून मिळणारं, आणि दुसरं सी फेनेल, म्हणजे शब्दशः समुद्री बडीशेप. बाकुचिऑलवर निदान माणसांवर केलेला एक बरा अभ्यास आहे, ४४ जण, १२ आठवडे, एका गटाला रेटिनॉल आणि दुसऱ्याला बाकुचिऑल, दोन्हीकडे सुरकुत्या आणि डाग साधारण सारखेच कमी झाले आणि रेटिनॉलवाल्यांना सालपटं आणि चुरचुर जास्त झाली. सी फेनेलच्या बाबतीत मला जे वाचायला मिळालं ते बहुतेक प्रयोगशाळेतल्या पेशींवरचं होतं. तरीही मी सी फेनेल निवडलं, आणि त्याचं खरं कारण म्हणजे मला ते झाडच फार आवडलं.

क्रिथमम मॅरिटिमम हे त्याचं शास्त्रीय नाव. युरोपात अटलांटिकच्या काठाने, भूमध्य समुद्राभोवती आणि काळ्या समुद्राकडेही उगवतं, आणि उगवतं कुठे तर कड्यांवरच्या खडकांच्या भेगांमध्ये, जिथे माती जवळजवळ नाहीच आणि खाऱ्या पाण्याचे तुषार सतत अंगावर. फ्रेंचमध्ये त्याचं एक नाव पेर्स-पिएर असं आहे, म्हणजे दगड भेदणारं. (आयुर्वेदातला पाषाणभेद तो वेगळा, त्याचा याच्याशी संबंध नाही, पण नाव ठेवणाऱ्याच्या मनात तेच आलं असणार हे वाचून मला भारी वाटलं.) पानं जाड, मांसल, पाणी साठवून ठेवणारी, फुलं पिवळसर हिरवी, छत्रीसारख्या झुबक्यात. गाजर, कोथिंबीर, जिरं, ओवा या सगळ्यांच्या कुळातलं आहे ते. पानांत क जीवनसत्त्व भरपूर, त्यामुळे जुन्या काळी खलाशी स्कर्व्ही होऊ नये म्हणून ते मुरवून बोटीवर न्यायचे. आणि क्लोरोजेनिक ॲसिड, जे कॉफीतही असतं, ते यात चांगल्या प्रमाणात असतं. मीठ, ऊन, वारा यांच्याशी झुंजायला झाड अशी द्रव्यं बनवतं आणि म्हणून ती आपल्या त्वचेलाही उपयोगी पडतील असा कॉस्मेटिकवाल्यांचा युक्तिवाद असतो. आता झाडाला जे कामाचं ते माझ्या गालाला कामाचं असेलच असं नाही हे मला आज कळतंय, तेव्हा मात्र मला तो युक्तिवाद एकदम पटला होता.

पहिलं सीरम घेतलं ते तेलाचं होतं. ड्रॉपरची बाटली, वास एकदम तीव्र, थोडा गाजराच्या पाल्यासारखा, थोडा लिंबाच्या सालीसारखा, आणि मागे कुठेतरी रॉकेलची आठवण करून देणारा. मला तो वास आवडायचा, खोटं कशाला सांगू. कानामागे एक थेंब लावून रात्रभर ठेवला, सकाळी काही नाही, म्हणजे पास, दुसऱ्या दिवसापासून चेहऱ्यावर सुरू. आणि दोन महिने खरंच छान गेले, गाल मऊ, आग नाही, सालपटं नाहीत, मला वाटलं मिळालं आपल्याला आपलं औषध.

दहाव्या आठवड्यात डाव्या पापणीला खाज सुटली. आधी वाटलं झोप कमी झाली असेल. तिसऱ्या दिवशी दोन्ही पापण्या सुजल्या, गालावर लाल चट्टे, बारीक पुरळ, आणि खाज अशी की रात्री हातात मोजे घालून झोपले. मी काय केलं तर सीरम बंद करायच्या ऐवजी सनस्क्रीन बंद केलं! कारण सनस्क्रीन नवीन होतं आणि सीरम जुनं, दोन महिने काही झालं नाही म्हणजे सीरमचा दोष असूच शकत नाही असं मी धरून चालले होते. अजून चार दिवस लावत राहिले. हे मुद्दाम लिहितेय कारण हाच विचार अनेक जण करतात आणि तो चुकीचा आहे, ॲलर्जी कितीही जुन्या प्रॉडक्टची होऊ शकते.

त्वचारोगतज्ज्ञ मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला की बाटली उघडून किती दिवस झाले. तीन महिने होत आले होते. ठेवता कुठे? बाथरूमच्या फळीवर. त्यांनी नुसती मान हलवली, पुरळ बसवायला थोड्या दिवसांचं मलम दिलं आणि म्हणाल्या, "हे बघा, अंदाजाने एकेक गोष्ट बंद करत बसू नका, हे शांत झालं की आपण पॅच टेस्ट करू, तुमच्या सगळ्या बाटल्या घेऊन या."

पॅच टेस्ट म्हणजे कानामागे थेंब लावणं, एवढंच मला माहीत होतं. दवाखान्यातली पॅच टेस्ट हे प्रकरणच वेगळं आहे. पद्धत जुनी आहे, १८९५ मध्ये याडासोन नावाच्या डॉक्टरांनी ती मांडली, आणि मूळ कल्पना अजून तीच आहे, संशयित पदार्थ थोडासा त्वचेवर बंद करून ठेवायचा आणि वाट बघायची. पुरळ पूर्ण बसेपर्यंत थांबावं लागलं. पाठीवर आधी काही दिवस कसलंही स्टेरॉइड मलम नको, तोंडाने स्टेरॉइडच्या गोळ्या चालू नकोत, पाठ उन्हात भाजलेली नको असं सगळं सांगितलेलं. सोमवारी गेले. पालथं झोपवलं आणि पाठीवर चिकटपट्ट्यांच्या रांगा लावल्या, प्रत्येक पट्टीवर छोट्या छोट्या गोल वाट्या आणि प्रत्येक वाटीत एकेक पदार्थ, निकेल, वेगवेगळे प्रिझर्व्हेटिव्ह, सुगंधी मिश्रणं, आणि शेवटच्या रांगेत माझी स्वतःची प्रॉडक्ट्स. क्रीम, सीरम, सनस्क्रीन जसंच्या तसं लावतात, फेसवॉश आणि शाम्पू मात्र पाणी घालून पातळ करून, कारण तसाच बंद करून ठेवला तर तो कुणाच्याही पाठीवर लाल होईल. मग मार्करने कडेला खुणा आणि आकडे.

त्यानंतरचे दोन दिवस पाठ ओली करायची नाही. आंघोळ नाही, ओल्या फडक्याने पुसायचं तेही पाठ सोडून, घाम येईल असं काम नाही, वाकून फरशी पुसणं नाही, व्यायाम नाही. ऐकायला सोपं वाटतं पण दुसऱ्या रात्री पाठीला जी खाज सुटली, आणि ती नेमकी कुठल्या वाटीखाली आहे हे कळेना, कुशीवर झोपले तर पट्टी ओढली जायची, ताई फोनवर म्हणाली अगं पंख्याखाली पालथी झोप आणि मन दुसरीकडे लाव, ते केलं. बुधवारी पट्ट्या काढल्या, पंधरा-वीस मिनिटं थांबवलं कारण चिकटपट्टीनेच आलेला लालसरपणा आधी जावा लागतो, मग पहिलं वाचन. तेव्हा फक्त एका ठिकाणी पुसटसं काहीतरी होतं. मला वाटलं चला, काही नाही निघालं. मॅडम म्हणाल्या, "शुक्रवारी या, खरं चित्र तेव्हा दिसतं." ही उशिरा उमटणारी ॲलर्जी असते, शरीरातल्या टी पेशींना, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींना, जमून यायला दोन ते चार दिवस लागतात, म्हणून एका रात्रीत कानामागे काही दिसलं नाही याला फारसा अर्थच नव्हता.

शुक्रवारी दोन ठिकाणं उठून दिसत होती. एक माझं सी फेनेल तेलाचं सीरम, त्याला एक अधिक चिन्ह, म्हणजे लाली आणि हाताला लागणारा फुगवटा. आणि दुसरं लिमोनिनचे हायड्रोपेरॉक्साइड, त्याला दोन अधिक, तिथे बारीक पाण्याचे फोडही होते. सनस्क्रीन बिचारं निर्दोष.

आता हे लिमोनिन काय ते मॅडमनी कागदावर चित्र काढून सांगितलं. लिंबू-संत्र्याच्या सालीत जो वास असतो त्यातलं मुख्य द्रव्य, आणि सी फेनेलच्या सुगंधी तेलातही ते असतं. ताजं लिमोनिन तसं सौम्यच, ॲलर्जी क्वचित करतं. पण हवा लागली की त्याचं हळूहळू ऑक्सिडेशन होतं आणि त्यातून जी हायड्रोपेरॉक्साइड तयार होतात ती मात्र ॲलर्जी करण्यात पक्की. म्हणजे पहिले दोन महिने मी जे लावत होते आणि तिसऱ्या महिन्यात जे लावत होते ते रसायन म्हणून एक नव्हतंच, बाटली तीच होती पण आतला माल बदलला होता. रोज दोनदा ड्रॉपर उघडायचा, हवा आत जायची, तेल कमी होत गेलं तशी बाटलीत हवा जास्त, वर बाथरूममधली ऊब. हे कळल्यावर मला राग नाही आला, उलट सुटल्यासारखं वाटलं कारण इतके दिवस मी माझ्या त्वचेलाच दोष देत होते की हिला काहीच सहन होत नाही.

घरी आल्यावर मी घरातली एकूणएक बाटली उलटी करून लेबल वाचलं. लिमोनिन शाम्पूत होतं, हात धुवायच्या लिक्विडमध्ये होतं, भांडी घासायच्या साबणात होतं. युरोपियन युनियनच्या नियमानुसार त्वचेवर तसंच राहणाऱ्या प्रॉडक्टमध्ये लिमोनिन ०.००१ टक्क्याहून जास्त आणि धुऊन टाकायच्या प्रॉडक्टमध्ये ०.०१ टक्क्याहून जास्त असेल तर लेबलवर नाव वेगळं लिहावं लागतं, त्यामुळे निदान शोधता तरी येतं.

मग मी सी फेनेल सोडून द्यायला हवं होतं, घरच्यांचं तेच म्हणणं होतं. पण मला एक गोष्ट खटकत होती, की मला त्रास झाला तो लिमोनिनचा, आणि ज्या क्लोरोजेनिक ॲसिडसाठी वगैरे मी हे झाड निवडलं होतं त्याचा या भानगडीशी संबंध काय? म्हणून पुन्हा वाचायला बसले आणि तेव्हा जे कळलं ते मला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. लेबलवर सी फेनेल लिहिलेलं असलं तरी आत तीन पूर्ण वेगळ्या गोष्टी असू शकतात.

पहिली म्हणजे वाफेने काढलेलं सुगंधी तेल किंवा तेलात उतरवलेला अर्क, त्यात लिमोनिनसारखी उडून जाणारी, वासाची द्रव्यं येतात. माझं पहिलं सीरम हेच. दुसरी म्हणजे पाणी आणि ग्लिसरीनमध्ये काढलेला अर्क, यात पाण्यात विरघळणारी द्रव्यं येतात, क्लोरोजेनिक ॲसिड, साखरा, क्षार, आणि तेलाचा भाग फारच थोडा. आणि तिसरी, जी मला सगळ्यात जास्त इंटरेस्टिंग वाटली, कॅलस कल्चर. झाडाचा छोटासा तुकडा घ्यायचा, पोषक द्रव्यांवर आणि वाढीच्या हार्मोनवर ठेवायचा, की त्यातून पान नाही, मूळ नाही, नुसत्या पेशींचा एक गोळा वाढतो, तो कॅलस. मग तो टाकीत वाढवून त्यातून गाळलेला द्रव वापरतात. ही विद्या काही आजची नाही, १९३९ मध्ये फ्रान्समध्ये गोत्रे आणि नोबेकूर यांनी गाजराच्या पेशी अशा वाढवत ठेवून दाखवल्या होत्या, म्हणजे सी फेनेलच्या कुळातल्याच झाडाच्या! या पद्धतीत कड्यावरची झाडं ओरबाडावी लागत नाहीत हा मला मोठा मुद्दा वाटतो, इतक्या कष्टाने दगडात उगवलेलं झाड माझ्या गालासाठी उपटलं जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. आणि या कुळातल्या झाडांत सुगंधी तेल साठतं ते खास नळ्यांमध्ये, नुसत्या पेशींच्या गोळ्यात त्या नळ्याच बनत नाहीत, त्यामुळे ते तेलही नसल्यासारखंच. मात्र जाहिरातीत याला स्टेम सेल म्हणतात ते वाचून कुणी असं समजू नये की बाटलीत जिवंत पेशी आहेत. गाळलेलं द्रव्य आहे ते, पेशी नाहीत, आणि झाडाच्या पेशी माणसाच्या त्वचेत जाऊन काही नवीन पेशी बनवत नाहीत.

दुसरं सीरम शोधताना मी तिसऱ्या प्रकारचं शोधलं, सुगंध न घातलेलं, पंपाच्या बंद बाटलीतलं. आणि घटकांचा क्रम बघायला शिकले. यादी जास्तीकडून कमीकडे असते, पण १ टक्क्याच्या खालचे घटक कुठल्याही क्रमाने लिहिलेले चालतात. फिनॉक्सिइथेनॉल हे प्रिझर्व्हेटिव्ह जास्तीत जास्त १ टक्काच घालायची परवानगी असते, म्हणून ते यादीत कुठे आहे ते शोधायचं, आणि ज्या अर्काचं नाव बाटलीवर मोठ्या अक्षरात आहे तो त्याच्या नंतर आला तर तो फार तर १ टक्का आहे असं समजायचं. मी पाहिलेल्या अर्ध्याअधिक बाटल्यांमध्ये तो नंतरच होता. मी घेतलेल्यात आधी होता. पण त्यातही कच्चा माल म्हणून येणारा अर्क स्वतःच मुळात पाणी-ग्लिसरीनमध्ये पातळ केलेला असू शकतो, हेही लक्षात ठेवायचं.

यावेळी चाचणी नीट केली. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे कोपराच्या आतल्या वळणावर, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोड्या मोठ्या जागी, दिवसातून दोनदा, सलग १४ दिवस. धुवायचं नाही, झाकायचं नाही, फक्त लावत राहायचं. पाचव्या दिवशी जरा लाल दिसलं आणि पोटात गोळा आला, पण ती कपड्याची बाही घासत होती, बाही दुमडली की गेलं. १४ दिवस काही नाही.

चेहऱ्यावर सुरू करताना ठरवलं की फक्त उजव्या बाजूला लावायचं. डावी बाजू तशीच, फेसवॉश तोच, क्रीम तेच, सनस्क्रीन दोन्हीकडे, १२ आठवडे. चेहरा अर्धा अर्धा करणं फार विचित्र वाटतं, रात्री अर्धवट झोपेत हात आपोआप दोन्ही गालांकडे जातो, म्हणून पंपाच्या बाटलीवर उ असं मार्करने लिहून ठेवलं. दर रविवारी सकाळी त्याच खिडकीजवळ, त्याच वेळी, चेहरा धुवून वीस मिनिटांनी फोटो, फोनचे सगळे ब्युटी फिल्टर बंद. आणि एक गोष्ट मला चौथ्या आठवड्यात लक्षात आली की मी कायम डाव्या कुशीवर झोपते, म्हणजे डावा गाल रात्रभर उशीवर घासतो, तेव्हापासून पाठीवर झोपायची सवय लावायचा प्रयत्न केला, पूर्ण जमलं नाही. हा फरक निकालात मिसळला असणार.

तीन आठवडे काहीही नाही. त्वचेचा वरचा थर नवा व्हायला साधारण चार आठवडे लागतात, वय वाढलं की अजून जास्त, त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात निराश होण्यात अर्थ नसतो, पण होतो ना माणूस निराश. पाचव्या-सहाव्या आठवड्यात उजवा गाल धुतल्यावर कमी ताणला जायला लागला. आठव्यात हाताला फरक कळायचा, डोळे मिटून दोन्ही गालांवरून बोट फिरवलं तरी.

पण माझ्या बोटांना उत्तर आधीच माहीत होतं, त्यामुळे मी त्यांच्यावर विसंबले नाही. शेवटी बारा रविवारचे फोटो घेतले, प्रत्येकातले दोन्ही गाल वेगवेगळे कापले, डाव्या गालाचे उलटे फिरवले म्हणजे बाजू ओळखू येणार नाही, आणि ताईला जोड्या करून दिल्या की कुठला गाल जास्त तुकतुकीत दिसतो ते सांग. तिला काही माहीत नव्हतं. पहिल्या चार जोड्यांत तिने दोनदा उजवा निवडला आणि दोनदा डावा, म्हणजे नाणेफेकच. शेवटच्या आठपैकी सातमध्ये उजवा. मग मी विचारलं रेषा कुठे कमी दिसतात, तर ती म्हणाली, "रेषा दोन्हीकडे सारख्याच आहेत गं, आणि तो डागही तसाच आहे." हे ऐकून जरा वाईट वाटलं, पण आरशात मलाही तेच दिसत होतं. कोरडेपणा आणि खरखरीतपणा कमी, लाली थोडी कमी, रेषा आणि डाग जसेच्या तसे. ज्या कामासाठी रेटिनॉल लावतात ते काम याने माझ्या चेहऱ्यावर केलं नाही.

आणि मग मॅडमना फोटो दाखवायला गेले तेव्हा त्यांनी यादी बघून विचारलं, "यात दुसऱ्या नंबरला ग्लिसरीन आहे. डाव्या गालाला ग्लिसरीन लावलं होतं का?" नव्हतं लावलं. ग्लिसरीन एकटंच त्वचेत पाणी धरून ठेवतं, म्हणजे मला जो मऊपणा जाणवला तो समुद्री बडीशेपेचा की ग्लिसरीनचा हे बारा आठवड्यांनंतरही मला सांगता येत नव्हतं. उत्साह पार उतरला माझा त्या क्षणी. पण प्रश्न बरोबर होता.

त्यामुळे आता दुसरी फेरी चालू आहे. उजवीकडे सीरम, डावीकडे ग्लिसरीनचं साधं, बिनवासाचं सीरम, दोन्ही क्रीमच्या आधी, बाटल्यांवर उ आणि डा, आणि दोन्हींवर उघडल्याची तारीख, आणि बाटल्या बाथरूममधून उठून कपाटात. सहा आठवडे झालेत. आत्तापर्यंत कोरडेपणात दोन्ही गाल जवळजवळ सारखे आहेत, ग्लिसरीनने ते अंतर भरून काढलंय. लालीच्या बाबतीत मात्र उजवा गाल अजूनही जरा शांत वाटतो, उन्हातून आल्यावर विशेषकरून, पण ते मला वाटतंय, ताईने अजून फोटो बघितलेले नाहीत आणि तिला मी मुद्दाम काही बोललेले नाही. अजून सहा रविवार बाकी आहेत.